सटवाईचा लेख आणि घराचा आधार

मूल जन्माला आले की पाचव्या, कोठे सहाव्या रात्री आपल्याकडे सटवाईची पूजा होते. पाटा-वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत आहे. ते लिहिणे कोणाला वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही.

पूजा मांडणाऱ्या आजीची माया खरी असते. तिला मी नावे ठेवणार नाही. पण पुढे काय होते पहा. बाळ वर्षाचे झाले तरी बसत नाही, दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही. मग घरातले कोणी म्हणते, "त्याच्या कपाळी तसेच लिहिले आहे." दुसरे कोणी म्हणते, "त्याचा बापही उशिराच बोलला होता, थांबा जरा." आणि तिसरे कोणी, बहुधा शेजारचे, आईकडे बोट दाखवते, "हिने ग्रहण पाळले नसेल." नशीब, वाट पाहणे आणि आईला दोष या तीन उत्तरांत मुलाची पहिली तीन-चार वर्षे निघून जातात. आणि तीच वर्षे सर्वांत मोलाची असतात.

या प्रश्नाला माणसांनी निरनिराळ्या देशांत कोणती उत्तरे शोधली, त्याचा सुमारे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास उपलब्ध आहे. तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. मागे पडणाऱ्या मुलाला मदत करण्याची साधने फारशी बदलली नाहीत, पण मदतीचे ठिकाण बदलत गेले. आधी ती मोठ्या शहरातल्या संस्थेत होती. हळूहळू ती मुलाच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आली, आणि ती जितकी घराजवळ आली तितकी फळाला आली. हा प्रवास आज आपण थोडक्यात पाहू.

आरंभ पॅरिसमध्ये होतो. सन १८०० साली फ्रान्समधल्या एका रानात सापडलेला सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा त्या शहरात आणला गेला. त्याला बोलता येत नव्हते आणि माणसांत वावरायची सवय नव्हती. त्या वेळचे नामांकित वैद्य पिनेल यांनी त्याला तपासले आणि हा जन्मतःच बुद्धिहीन आहे, सुधारायचा नाही, असा निर्वाळा दिला. एका परीने हाही सटवाईचाच लेख; फक्त लिहिणारा विद्वान होता. मूकबधिरांच्या संस्थेतील इतार नावाच्या तरुण डॉक्टरला मात्र हे पटले नाही. त्याने मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले आणि सुमारे पाच वर्षे त्याला शिकवले. गरम-थंड, गुळगुळीत-खरखरीत ओळखणे, आकार जुळवणे, आवाज ऐकून भेद करणे, अशा रीतीने एकेका इंद्रियाला जागे करण्याचा त्याने प्रयत्न केला. व्हिक्टर काही लिहिलेले शब्द ओळखू लागला. बोलायला मात्र तो अखेरपर्यंत शिकला नाही, आणि इतार निराश झाला.

पण या गोष्टीत आणखी एक व्यक्ती आहे आणि तिच्याकडे इतिहासाचे लक्ष कमी गेले. व्हिक्टरचे खाणेपिणे, आंघोळ, झोप, फिरायला नेणे हे सारे मादाम गेरँ नावाची बाई पाहत असे. इतारनेच आपल्या अहवालात एक प्रसंग नोंदवला आहे. या बाईचा नवरा वारला. जेवणाची मांडामांड करणे हे व्हिक्टरचे काम होते. सवयीप्रमाणे त्याने मेलेल्या माणसाचीही जागा मांडली. ते पाहून बाई रडू लागली. व्हिक्टरने मुकाट्याने ती मांडणी उचलून ठेवली आणि पुन्हा कधी मांडली नाही. ज्याला विद्वानांनी बुद्धिहीन ठरवले होते त्याला दुसऱ्याचे दुःख कळले होते. शिकवणे थांबल्यावरही व्हिक्टर या बाईकडेच राहिला आणि सन १८२८ साली तिच्याच घरी वारला. डॉक्टरचे प्रयोग पाच वर्षे चालले, घराचा आधार मात्र त्याला जन्मभर पुरला.

इतारचा शिष्य सेगँ याने ही रीत पुढे नेली. मागे पडलेल्या मुलांना आधी हातापायांनी, मग डोळ्या-कानांनी आणि शेवटी शब्दांनी शिकवावे, असा त्याचा क्रम होता. फळ्या, खुंट्या, ठोकळे अशी साधने त्याने तयार केली. पुढे तो अमेरिकेत गेला आणि त्याची पुस्तके बरीचशी विस्मरणात गेली. ती शोधून काढली इटलीतील मारिया माँटेसरी या डॉक्टरीणबाईंनी. सन १९०० च्या सुमारास रोममध्ये त्या अशाच मुलांना शिकवीत होत्या. इतार आणि सेगँ यांचे ग्रंथ त्यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. त्यांच्या हाताखालची काही मुले इतर मुलांच्या बरोबरीने लिहिण्या-वाचण्याची परीक्षा उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले. माँटेसरीबाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुले इतकी पुढे येतात, तर धडधाकट मुले साध्या शाळांत इतकी मागे का राहतात? सन १९०७ च्या जानेवारीत त्यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत 'बालगृह' उघडले. ते कामकऱ्यांच्या चाळीतच होते, त्यामुळे आयांना येता-जाता आत डोकावता येई.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या बालवाडीतले लाकडी दट्ट्ये, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत अक्षरे ही हुशार मुलांची चैन म्हणून जन्माला आलेली नाहीत. त्यांतले बरेचसे मूळ, जी मुले शिकूच शकणार नाहीत असे जगाने ठरवले होते, त्यांच्यासाठी केलेल्या साधनांत आहे. तेव्हा पुढच्या वेळी असे मूल तुमच्या दाराशी आले, तर "हे आमच्या वर्गात बसणार नाही" असे म्हणण्याआधी एवढे आठवावे.

माँटेसरीबाईंची पद्धत आपल्या बाजूला आली ती भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरातून. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर तेथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी २४ डिसेंबर १९४५ रोजी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यक झाल्या. आरंभीच अडचण आली. वस्तीतली मुले बालवाडीत येत ना. आईबाप मजुरीला जात, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरे, मुलाला न्हाऊ घालून वेळेवर कोण पाठवणार? तेव्हा ताराबाईंनी सरळ विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. मग शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागली, एखाद्या घरापुढचे अंगण सारवून तेथेच मुलांना जमवू लागली. परदेशी महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे, मातीची चित्रे आली. याच कामातून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढले.

ताराबाई-अनुताईंचे काम खास विकासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी नव्हते, हे खरे. ते गरिबांच्या मुलांसाठी होते. पण अपुरे अन्न, वारंवार दुखणी आणि मुलाशी बोलायला-खेळायला कोणाला सवड नसणे, यांमुळेच पुष्कळ मुले मागे पडतात. शिवाय अंगणात शाळा भरली म्हणजे आई ओसरीवरून पाहते, आजी ऐकते, आणि बाई जे गाणे म्हणतात ते संध्याकाळी घरातही ऐकू येते. संस्थेच्या भिंतीआड हे होत नाही.

भिंतीआड काय होते, याचा दाखला त्याच काळात अमेरिकेतून आला होता. आयोवा राज्यातील एका अनाथाश्रमात सन १९३० नंतरच्या दशकात हॅरोल्ड स्कील्स नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करीत होते. तेथे मुलांना अन्न होते, कपडे होते, स्वच्छता होती. पण उचलून घेणारे, बोलणारे माणूस नव्हते. दोन लहान मुली इतक्या मागे पडल्या होत्या की त्यांना मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेत ठेवण्यात आले. काही महिन्यांनी स्कील्स तेथे गेले तो काय, त्या मुली हसत-खेळत होत्या, चालत होत्या, बोलत होत्या! त्या स्त्रियांनी त्यांना जीव लावला होता. मग स्कील्स यांनी तीन वर्षांच्या आतली १३ मुले अशाच रीतीने पाठवली. १२ मुले अनाथाश्रमातच राहिली, त्यांच्याशी त्यांनी तुलना केली. पहिल्या गटाचा बुद्ध्यंक सरासरी २८ अंकांनी वाढला. दुसऱ्याचा सुमारे २६ अंकांनी घसरला.

त्या वेळी पुष्कळ विद्वानांनी स्कील्स यांची थट्टा केली. बुद्धी जन्मतः ठरलेली असते, ती वाढेल कशी, असे ते म्हणत. स्कील्स यांनी वीस-पंचवीस वर्षांनी त्या मुलांचा पुन्हा शोध घेतला आणि सन १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या गटातील १३ ही जण स्वतःच्या पायावर उभे होते. त्यांतील ११ जणांना लहानपणीच दत्तक घर मिळाले होते. त्यांचे शिक्षण साधारणपणे बारावीपर्यंत झाले होते. दुसऱ्या गटात साधारण शिक्षण तिसरीच्याही आत होते आणि काही जण अजूनही संस्थांतच होते. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि मुलांचे गटही लहान होते. पण ज्या स्त्रियांना समाजाने निरुपयोगी ठरवले होते, त्यांच्या मायेच्या हातांनी या मुलांना सावरले, एवढे तर दिसलेच.

यातून कोणी असा अर्थ काढील की मग मूल मागे पडले तर दोष आईच्या मायेचाच. हा अर्थ सर्वस्वी चुकीचा आहे. पण मौज अशी की मोठमोठ्या विद्वानांनीही तो काढला. सन १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले. पुढे या मुलांचे आईबाप थंड, कोरड्या स्वभावाचे असतात, अशी समजूत पसरली. ब्रूनो बेटलहाइम यांनी सन १९६७ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहून आयांवरच ठपका ठेवला. हजारो आयांनी तो मुकाट्याने सोसला. त्याआधीच, सन १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी ही गोष्ट आईच्या वागण्याची नसून शरीराच्या, मेंदूच्या घडणीची आहे, असे पुराव्यानिशी मांडले होते. ते मानसशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय स्वतः अशा एका मुलाचे वडील होते. आज शास्त्राने त्यांचीच बाजू मान्य केली आहे. तेव्हा आपल्याकडची ग्रहणाची गोष्ट आणि अमेरिकेतल्या विद्वानाचे जाडजूड पुस्तक यांत फार अंतर नाही. दोघांनीही आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि आरोपीला कोणी मदत करीत नाही.

आईबापांना आरोपी न मानता जोडीदार मानले तर काय होते? याचे उत्तर अमेरिकेच्याच एका ग्रामीण भागात मिळाले. विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचे गाव आहे. सन १९६८ मध्ये तेथील केंद्र सरकारने अपंग बालकांच्या लवकर शिक्षणासाठी एक कायदा केला, आणि त्याच्या मदतीने १९६९ मध्ये पोर्टेजला काम सुरू झाले. प्रदेश विस्तीर्ण, सुमारे ३,६०० चौरस मैलांचा. वस्ती विरळ, शेतकऱ्यांची. मागे पडणारे एक मूल इथे, तर दुसरे दहा कोसांवर. सगळ्यांना रोज एका शाळेत आणायचे म्हणजे लहान पोरांचा दिवस गाडीतच जाणार. मग ताराबाईंनी बोर्डीत जे केले तेच त्यांनी केले: शिक्षकच घरोघर गेला.

या पद्धतीची रीत अगदी सोपी होती. शिक्षक आठवड्यातून एकदा, साधारण दीड तास घरी येई. मुलाला आज काय येते ते तो आईबरोबर बसून पाही. मग पुढच्या आठवड्यात शिकण्याजोगी लहानशी गोष्ट निवडली जाई. "चालायला शिकवा" असे तो सांगत नसे. "खाट धरून तीन पावले टाकू द्या" असे सांगे. ते कसे करायचे हे तो स्वतः करून दाखवी, मग आईकडून करवून घेई, आणि एक तक्ता घरी ठेवून जाई. आई रोज थोडा वेळ ते करून तक्त्यावर खूण करी. पुढच्या आठवड्यात शिक्षक तक्ता पाही. जमले तर पुढची पायरी. न जमले तर पायरी आणखी लहान करी. पोर्टेजच्या लोकांनी सन १९७२ मध्ये दिलेल्या वृत्तान्तात, मुलांनी आठ महिन्यांत सरासरी तेरा महिन्यांची प्रगती केली, असे म्हटले आहे. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली आणि अनेक भाषांत उतरली.

यातले मर्म ध्यानात घ्या. शिक्षक आठवड्यातून दीड तास मुलाजवळ असतो; आई, बाप, आजी, भावंडे उरलेला सारा वेळ असतात. शिक्षकाने फक्त मुलाला शिकवले तर ते दीड तासाचे शिक्षण. त्याने घराला शिकवले तर ते आठवडाभराचे शिक्षण.

कोणी म्हणेल, अमेरिका श्रीमंत देश, त्यांचे सोडा. तर मग जमैका पहा. हे वेस्ट इंडीजमधले एक बेट; क्रिकेटमुळे आपल्याला ठाऊक आहे. तेथील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत सन १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर या डॉक्टरीणबाईंनी, अन्न अपुरे पडल्याने वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली. वय नऊ महिने ते दोन वर्षे. काही मुलांना दर आठवड्याला एक किलो दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवी. काहींना दोन्ही दिले, काहींना यांतले काहीच दिले नाही. हे दोन वर्षे चालले. सेविका वस्तीतल्याच साध्या बाया होत्या. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंची: बाटल्यांची बुचे, डबे, कापडाच्या बाहुल्या. या भेटींत मुलाइतकाच आईचाही विचार असे. तिला धीर द्यायचा, तिने केलेल्याचे कौतुक करायचे.

दोन वर्षांनी दूध मिळालेली मुले सुधारली, खेळाची संगत मिळालेलीही सुधारली, आणि दोन्ही मिळालेली सर्वांत अधिक सुधारली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. सुमारे वीस वर्षांनी ही मुले मोठी होऊन कमावू लागली तेव्हा त्यांना पुन्हा शोधले. ज्यांच्या घरी सेविका जात होती त्यांची कमाई, ज्यांच्याकडे जात नव्हती त्यांच्यापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक निघाली. हे सन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या दुधाचा परिणाम मात्र इतका टिकला नव्हता. अन्न हवेच, त्याविषयी वाद नाही. पण पोटाबरोबर मनालाही खुराक लागतो, आणि तो बुचे-डब्यांच्या खेळण्यांतूनही देता येतो.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडेही पहिले पाऊल पुष्कळदा आईबापांनीच टाकले. मुंबईची जय वकील शाळा सन १९४४ मध्ये निघाली ती वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या मुलांसाठी काढली म्हणून. पण अशा शाळा शहरांत. खेड्यातल्या मुलापर्यंत त्यांचा हात पोहोचणे कठीण. सन १९७५ च्या गांधीजयंतीला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीचा शब्द साऱ्या देशाचा झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, पुढच्या दवाखान्याकडे पाठवणे, बालशिक्षण आणि आयांना आरोग्यशिक्षण, अशी सहा कामे तिच्याकडे आली. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी आहार आणि वजनकाटा यांनाच अधिक महत्त्व मिळाले. मुलाचे वजन लिहिले गेले, पण ते हाकेला वळते का, हे पाहायचे राहिले.

ही उणीव भरण्यासाठी सन २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचा आरंभ देशात कोठे झाला, ठाऊक आहे? पालघरला. बोर्डी आणि कोसबाड आज ज्या जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्याचे हे ठाणे. या कार्यक्रमात फिरती आरोग्यपथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, रोग आणि विकासातील विलंब, असे चार विषय त्यांत आहेत. शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. सन २०१८ पासून आशाताईंनी तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या बाळाच्या घरी जाऊन वाढ व विकास पाहावा, अशीही योजना आहे. सन २०२३ च्या नोव्हेंबरात दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीने काय करावे, याची रीतसर कार्यपद्धती ठरवून देण्यात आली.

तेव्हा कागदावर वाट तयार आहे. पण कागदावरची वाट आणि पायाखालची वाट यांत अंतर असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे मजुरी बुडते, एस. टी.चे भाडे लागते, घरी दुसरे मूल कोणाकडे ठेवावे हा प्रश्न असतो. पहिली खेप लोक कसेबसे करतात, दुसरी चुकते, तिसरी होतच नाही. मग अधिकारी म्हणतात, पालक उदासीन आहेत. श्रोतेहो, ही उदासीनता नव्हे. हे अंतर आहे. पोर्टेज आणि किंग्स्टनचा धडा हाच की अंतर आईने एकटीने कापायचे नसते. जिल्ह्याच्या केंद्रात व्यायाम दाखवला, तर तो घरी चालू राहतो की नाही हे पाहायला कोणीतरी आठवड्याला दारात गेले पाहिजे. कुटुंबाला आधार म्हणतात तो हा.

मग गावात बसून आपण काय करावे? पहिली गोष्ट, खुणा ओळखाव्या. चार महिने उलटले तरी बाळ मान धरत नाही. नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. वर्षाचे होत आले तरी नावाने हाक मारल्यास वळत नाही. दीड वर्षे झाली तरी चालत नाही किंवा एकही अर्थाचा शब्द बोलत नाही. दोन वर्षे झाली तरी "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही. अथवा कोणत्याही वयात, आधी येत असलेली गोष्ट हरवू लागली, तर थांबू नये. जे बाळ दिवस भरण्याआधी जन्मले, अडीच किलोहून कमी वजनाचे होते, जन्मल्यावर लगेच रडले नाही, ज्याला फार कावीळ झाली किंवा झटके आले, त्याच्यावर तर अधिक लक्ष ठेवावे. अंगणवाडीत किंवा आरोग्यकेंद्रात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर या पायऱ्या चित्रांत दिल्या आहेत. ते कार्ड पेटीत ठेवायचे नसते, वाचायचे असते.

खूण दिसली म्हणजे मूल मागेच राहणार, असे नव्हे. काही मुले खरोखर उशिराच बोलतात. काहींना नुसते ऐकूच येत नसते, आणि वेळीच कळले तर उपाय असतो. काहींच्या अंगात कंठग्रंथीचा रस कमी असतो. त्याला औषध आहे, पण ते पहिल्या काही आठवड्यांत सुरू व्हावे लागते. म्हणून तपासणीत नुकसान काही नाही, थांबण्यात मात्र आहे. तसेच उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक मूल इतरांच्या बरोबरीला येईलच, असे वचन कोणी देऊ नये. काहींना जन्मभर आधार लागेल. असे वचन देऊन पैसे घेणारे गंडे-दोरेवाले आणि रामबाण औषधवाले पुष्कळ आहेत, त्यांच्यापासून दूर राहावे. जे मूल चालणार नाही ते बसू शकेल, जे बोलणार नाही ते खुणेने सांगू शकेल, हाताने जेवू शकेल, सणाला चार माणसांत हसू शकेल. ही प्रगती लहान नाही. आई रात्री निर्धास्त झोपू शकते ती अशाच प्रगतीमुळे.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. तुमचा शब्द गावात मानला जातो. अशा घरी स्वतः जा. मुलाच्या वडिलांशी बोला. कारण औषधपाणी, व्यायाम, फेऱ्या सारे आईवर टाकून वडील बाजूला राहतात, हे आपण पाहतो. सासूबाईंशी बोला, त्यांचा आधार मिळाला तर सुनेचे अर्धे ओझे उतरते. आणि कोणी ग्रहणाची गोष्ट काढली तर तेथल्या तेथे, सर्वांसमक्ष सांगा की यात आईचा काही अपराध नाही. एवढ्या एका वाक्याने पुष्कळ काम होईल.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. भांडी घासताना बाळाशी बोला. ही वाटी, ही मोठी, ही छोटी. शेंगा सोलताना त्याच्या हाती शेंग द्या. झाकण-डबा द्या, गाणे म्हणा, त्याने आवाज काढला की तुम्हीही काढा. रोज थोडे, पण रोज. यासाठी पैसे लागत नाहीत. सवड लागते, आणि ती आईला मिळावी म्हणून बाकीच्यांनी तिच्या हातातले एखादे काम घ्यावे लागते.

या विषयावर पुढे जाणून घ्यायचे असेल त्यांनी आपल्या अंगणवाडीत विचारावे, आणि अंगणवाडीत काही कमी असेल तर ग्रामसभेत तो विषय मांडावा. पाण्याच्या टाकीवर, रस्त्यावर आपण तेथे तासन्‌तास बोलतो. गावातल्या दोन वर्षांच्या आतल्या किती मुलांची तपासणी झाली, किती जिल्ह्याला पाठवली, आणि त्यांपैकी किती दुसऱ्यांदा जाऊ शकली नाहीत, हेही एकदा विचारून पहा. जी जाऊ शकली नाहीत त्यांची नावे लिहून घ्या, आणि पुढच्या खेपेला त्यांच्याबरोबर कोण जाणार ते त्याच सभेत ठरवा.